पंप तळमजल्यावर, घुमघुम तिसऱ्या मजल्यावर

पाण्याची मोटर पार्किंगच्या कोपऱ्यात आणि आवाज तिसऱ्या मजल्यावर आमच्या बेडरूमच्या भिंतीत. हे कुणालाही सांगितलं की समोरून एकच प्रश्न यायचा, मग दुसऱ्या मजल्यावर का नाही येत? आणि खरंच दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना काही ऐकू येत नव्हतं, त्या काही खोटं बोलत नव्हत्या. रत्नागिरीत आता नाचणे, खेडशी, मिरजोळे सगळीकडे चार-पाच मजली बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, प्रत्येकीत खाली टाकी, वर टाकी आणि मधे मोटर, म्हणजे हा त्रास आमच्या एकट्यांचा असणार नाही, म्हणून झालं ते सगळं नीट लिहून काढतेय.

आमच्याकडे शीळ धरणाचं पाणी नगरपरिषदेच्या लाइनने खालच्या टाकीत येतं, तिथून मोटर ते वर गच्चीवर चढवते. वरच्या टाकीत लेव्हल कंट्रोलर बसवलाय, पाणी कमी झालं की मोटर आपोआप सुरू, मग ती रात्री दोनला होऊ दे नाहीतर पहाटे चारला. मोटर सुरू झाली की भिंतीतून एक जाड घुमघुम यायची, उशीला कान लावला की जास्त, आणि बंद होताना भिंतीत धाडकन एक ठोका.

सासूबाई देवरुखकडच्या, आयुष्यभर कौलांवरचा पाऊस ऐकत झोपलेल्या. जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळत असताना मोबाईलचं आवाज मोजायचं ॲप ६० डेसिबलच्या वर आकडा दाखवायचं आणि त्या गाढ झोपलेल्या असायच्या, पण ऑक्टोबरात पाऊस गेला, रात्री शांत झाल्या आणि या घुमघुमीने त्या दचकून उठून बसायला लागल्या. आवाज मोठा असला की त्रास असं नसतं हे मला तेव्हा कळलं. पाऊस एकसारखा आणि सगळ्या सुरांचा मिळून असतो, त्याची सवय होते. मोटर एकच सूर धरते, मधेच सुरू होते मधेच थांबते, त्यामुळे कान तिच्याकडेच लागून राहतो. शिवाय पावसाळाभर पावसाच्या आवाजात हे सगळं झाकलं जातं, म्हणून आपल्याकडे असल्या तक्रारी गणपती होऊन गेल्यावर जोर धरतात.

कमिटीने पहिल्यांदा जे केलं ते बहुतेक सगळ्या सोसायट्या करतात. मोटरीभोवती प्लायवूडची पेटी केली, आतून फोम लावला. पार्किंगमध्ये आवाज खरंच कमी झाला, खाली उभं राहून सगळे म्हणाले झालं काम. वर आमच्याकडे काडीचाही फरक नाही, आणि पेटीला हवा खेळायला जागा नव्हती त्यामुळे मोटर इतकी तापायला लागली की थोड्याच दिवसात पेटीचं झाकण कायमचं काढून ठेवावं लागलं. मग प्लंबरने मोटरीच्या पायांखाली जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे घातले. त्यानंतर आवाज वाढला! हे मी चेअरमन काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की ही बाई आता काहीही सांगतेय. मग मी त्यांना रात्री वर बोलावलं, भिंतीला हात लावायला सांगितलं, मोटर सुरू झाली आणि ते हात तसाच ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्यानंतर त्यांनी या विषयात कधी हात आखडता घेतला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

खरा उलगडा केला तो मिरकरवाड्याच्या एका मेकॅनिकने. मच्छीमारी लाँचवरची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, यजमानांच्या ओळखीने आला. त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक मोटरीच्या बेअरिंगपाशी टेकवलं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला, आणि ऐकलं. मग तेच पंपाच्या अंगावर, मग पाइपवर, मग कोब्यावर. मग आमच्याकडे वर येऊन पाइपांच्या डक्टचं दार उघडलं आणि आत हात घातला. म्हणाला, "ताई, मोटर बरी हाय. ह्यो आवाज पायपातनं वर येतोय, आणि हितं भिंतीला धरलाय."

डक्टमध्ये गच्चीकडे जाणारा लोखंडी पाइप आमच्या बेडरूमच्या भिंतीला क्लॅम्पने घट्ट आवळलेला होता. दुसऱ्या मजल्यावर त्याच पाइपचा क्लॅम्प गंजून केव्हाच तुटून पडला होता, पाइप तिथे भिंतीला टेकतच नव्हता, म्हणून काकूंना आवाज नाही. मेकॅनिकने आमचा क्लॅम्प ढिला केला, पाइप आणि क्लॅम्पच्या मधे सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून घातले, परत हलका आवळला. मोटर चालू केली. घुमघुम अर्ध्याहून कमी. पैसे शून्य, वेळ चहा होईपर्यंतचा, आणि इतके महिने ज्याच्यावर वाद चालले होते ते कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुणाला असा त्रास असेल तर खर्चात पडायच्या आधी हीच तपासणी करा.

त्या दिवसानंतर मी याचा पिच्छाच पुरवला, मिळेल ते वाचलं, आणि मुद्दा असा आहे की बिल्डिंगमध्ये आवाज दोन वाटांनी जातो. एक हवेतून, तो पेटीने, दाराने, भिंतीने अडतो. दुसरा थेट काँक्रीट, पाइप, बोल्ट यांच्यातून थरथर म्हणून जातो, आणि वर कुठेतरी मोठी सपाट भिंत मिळाली की ती भिंतच स्पीकर होते. दुसऱ्या वाटेला पेटीचा काही उपयोग नाही. तिला एकच उपाय, जोड तोडायचा, आणि तो सगळीकडे तोडायचा. एक जरी कडक जोड राहिला तरी थरथर तिथून निघून जाते.

कन्व्हेयर बेल्टने आवाज वाढला त्याचंही उत्तर सापडलं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं कारण "रबर टाका, काम होईल" हे जो तो सांगतो. आमची मोटर मिनिटाला साधारण २८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. रबरावर ठेवलेल्या वजनाचीही स्वतःची एक झुलण्याची गती असते आणि ती वजनाखाली रबर किती दबलं यावर ठरते. १ मिलिमीटर दबलं तर सेकंदाला साधारण १६ झोके, ४ मिलिमीटर दबलं तर ८, आणि फक्त ०.१ मिलिमीटर दबलं तर जवळजवळ ५०. बेल्टचा कडक तुकडा मोटरीच्या वजनाखाली दबतच नाही, म्हणजे त्याची गती मोटरीच्या ४८ च्या शेजारीच जाऊन बसते आणि दोघांचा ताल जुळला की थरथर कमी व्हायची सोडून वाढते. लहान मुलाच्या झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की झोका चढत जातो ना, तसं. मोटरीची गती रबराच्या गतीच्या साधारण दीडपटीच्या पुढे गेली की मगच फायदा सुरू होतो, आणि तिप्पट झाली की कागदावर तरी आठातला एकच भाग जोर खाली उतरतो. प्रत्यक्षात रबर चालू मोटरीखाली थोडं जास्त कडक वागतं, म्हणून हिशोबात हात सैल ठेवायचा.

मापाचंही एक प्रकरण झालं. सेक्रेटरींनी मोबाईलवर ॲप घेतलं, आमच्या बेडरूममध्ये मोटर चालू असताना आकडा आला ३८-३९, आणि ते म्हणाले कायद्याने रात्री ४५ चालतो, मग तक्रार कसली. बरोबर आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ती परिसरातल्या आवाजाची, बंद बेडरूममध्ये उशीपाशी किती असावा याची नाही. दुसरं म्हणजे हे आकडे ज्या मापाने घेतात त्यात खालच्या सुराचं वजन मुद्दाम कमी धरलेलं असतं, ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० थरथरींच्या आसपासच्या आवाजातून साधारण ३० डेसिबल वजा होतात, १०० हर्ट्झला १९. मोटरीची घुमघुम नेमकी त्याच पट्ट्यात, एक फिरण्याची ४८ आणि एक विजेची १००. म्हणजे ज्याचा त्रास होतोय तेच हे माप अर्धंमुर्धं मोजतं. त्यात मोबाईलचा माइक खालचे सूर नीट पकडतही नाही. मी सेक्रेटरींना एवढंच म्हटलं की आकडा सोडा, मोटर बंद असताना ३० आणि चालू झाली की ३९, हा फरक बघा, झोप त्या फरकाने मोडते. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. हे त्यांना पटलं.

तोवर एक फुकटची गोष्ट लगेच करून टाकली, टायमर. रात्री साडेनऊला वरची टाकी भरून घ्यायची आणि सकाळी सहापर्यंत मोटर बंद. बाकीचे महिने हे छान चालतं. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी झालं, टँकर यायला लागले, मुंबईकर मंडळी सुट्टीला आली की मात्र वरची टाकी रात्रभर पुरत नाही आणि टायमर बाजूला ठेवावा लागतो. म्हणजे टायमर हवाच, पण नुसत्या टायमरवर भागत नाही. त्याच दिवसात खालच्या टाकीत पाणी तळाला गेलं की पंपात खडी भरडल्यासारखा आवाज येतो तो वेगळा, पंप ओढतोय पण पाणी पुरेसं येत नाही असा त्याचा अर्थ. पंपाच्या ओढणाऱ्या पाइपच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह असतो, त्याची जाळी साफ करा, तेवढ्याने बहुतेक वेळा जातो, नाही केली तर पंपातलं फिरणारं चाक, म्हणजे इंपेलर, खाल्ला जातो.

सभेत रिपेअर फंडातून खर्च करायचं ठरलं. थोडी कुरबुर झाली, तिसऱ्या मजल्याच्या झोपेसाठी सगळ्यांनी का भरायचं वगैरे, तेव्हा चौथ्या मजल्यावरची एक मुलगी उठून म्हणाली की आमच्याकडेही येतो, मला वाटायचं फ्रिजचा आहे. अजून दोन घरांचं तसंच निघालं. ती बोलली नसती तर ठराव पुढच्या वर्षावर गेला असता असं मला अजूनही वाटतं.

कामाला सुरुवात वरून केली, कारण क्लॅम्प स्वस्त. सगळ्या मजल्यांवरचे क्लॅम्प काढून आतून रबराचं अस्तर असलेले बसवले, आणि जिथे जमलं तिथे ते बेडरूमच्या भिंतीवरून काढून डक्टच्या दुसऱ्या, जिन्याकडच्या भिंतीवर नेले. जिथे पाइप स्लॅबमधून जातो तिथे काँक्रीट पाइपला थेट चिकटलेलं होतं, ते हळूहळू फोडून मोठ्या पीव्हीसी पाइपचा तुकडा बाहीसारखा घातला आणि मधल्या फटीत मऊ राहणारं सीलंट भरलं. या कामात धूळ भयंकर, चौथ्या मजल्यावरच्यांनी तीन-चार दिवस किचनची भांडी चादरीखाली ठेवली आणि एका शब्दाने कुरकुरले नाहीत.

मग खाली पंपाजवळ. मोटरीच्या दोन्ही बाजूंना, ओढणाऱ्या आणि ढकलणाऱ्या पाइपवर, रबरी बेलो, म्हणजे लवचिक जोड, बसवले. पाण्याच्या दाबाने बेलो लांब व्हायला बघतो, म्हणून त्याला धरून ठेवणारे रॉड लागतात आणि त्या रॉडच्या नटाखालीही रबरी वायसर हवेत, नाहीतर थरथर रॉडमधून पलीकडे जाते. बेलो पाइपची थरथर तोडतो, पाण्यातून जाणारी पुरती तोडत नाही, म्हणून वरचे क्लॅम्पही बदलायचेच, एक केलं म्हणून दुसरं सोडता येत नाही.

धाडकन ठोक्याचा गुन्हेगार होता झडपेचा जुना एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. मोटर थांबली की वर चढलेलं पाणी उलटं फिरतं, झडप उशिरा मिटते आणि खाली येणारं पाणी तिच्यावर आपटतं. लोखंडी पाइपमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर एवढाच असा अचानक तुटला तरी साधारण १३ बारपर्यंत झटका बसू शकतो, आणि आमच्या गच्चीपर्यंतच्या पाण्याचा नुसता दाब दोन बारच्या आसपास. सांधे गळतात ते यानेच. स्प्रिंगवाला एनआरव्ही लावला, तो पाणी उलटं फिरायच्या आतच मिटतो, आणि ठोका त्याच दिवशी गेला. या सगळ्या कामात एवढ्याशा पैशात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

शेवटी पाया. लोखंडी चॅनलची चौकट करून त्यात काँक्रीट ओतलं, वजन पंपाच्या दीड ते दोन पट, त्यावर पंप बोल्ट केला आणि ठोकळा चार रबरी माउंटवर ठेवला. ठोकळा जड असला की पंप कमी हलतो आणि बेलोवरही ताण येत नाही. मोटरीची बाजू जड, पंपाची हलकी, तरीही चारी माउंट सारखे दबले पाहिजेत, म्हणून मेकॅनिकने वजन ठेवण्याआधी आणि ठेवल्यावर प्रत्येकाची उंची पट्टीने मोजून दोन माउंट बदलून घेतले. पुण्याच्या एका ओळखीच्या इंजिनियरने स्प्रिंगचे माउंट घ्या म्हणून सुचवलं होतं. वरच्या स्लॅबवर मशीन असेल तर ते योग्यच, स्प्रिंग जास्त दबते, पण आमचा पंप जमिनीवरच्या कोब्यावर आहे, तिथे चांगलं निओप्रीन, म्हणजे एक कृत्रिम रबर, पुरतं. आणि समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, खारा वारा उघड्या स्प्रिंगला किती वर्षं ठेवेल याचा भरवसा नाही.

काम झालं, मोटर सुरू केली, मी वर धावत गेले, भिंतीला कान लावला. फरक होता पण हवा तेवढा नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, बसून सगळीकडे हात लावून बघितलं आणि ठोकळ्याच्या कडेला बोट दाखवलं. गवंड्याने आदल्या संध्याकाळी ठोकळा आणि कोबा यांच्यातली फट सिमेंटने बंद करून, वर घोटून सुबक काम करून दिलं होतं! त्याच्या दृष्टीने उघडी फट म्हणजे अर्धवट काम, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या फटीसाठीच सगळा खर्च चाललाय. सिमेंट छिन्नीने काढलं, फट हवेत मोकळी. आणि स्टार्टरपासून मोटरीपर्यंत वायरची लोखंडी नळी सरळ भिंतीवरून येऊन मोटरीला आवळलेली होती, तिच्या जागी लवचिक नळी टाकली. हे दोन जोड तुटले आणि आवाज गेला. गेला म्हणजे मध्यरात्री खिडक्या बंद करून मुद्दाम कान दिला तर मोटर चालू आहे एवढं कळतं, ॲपवर एखाद-दोन आकड्यांचा फरक, बस. सासूबाईंनी दोन रात्रींनंतर विचारलं, मोटर बिघडली की काय, पाणी चढवतायत ना?

खाऱ्या हवेबद्दल थोडं सांगते कारण मुंबई-पुण्याच्या माहितीत ते नसतं. आपल्याकडे साधा लोखंडी बोल्ट दोन पावसाळ्यात फुगतो आणि क्लॅम्प सुटला की पाइप परत भिंतीवर वाजायला लागतो. म्हणून क्लॅम्पचे बोल्ट ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले, ३०४ स्वस्त मिळतं पण खाऱ्या हवेत त्यावर ठिपके धरतात. चौकटीला इपॉक्सी रंग. माउंट साध्या रबराचे नकोत, ऊन-वाऱ्याने तडकतात. पार्किंगमध्ये पावसाचं पाणी शिरतं ते ठोकळ्याखाली साचून गाळ राहतो, तो सुकला की फट भरली, म्हणजे गवंड्याने केलं तेच परत. दर पावसाळ्यानंतर तिथे पाण्याचा फवारा मारून फट मोकळी करायची आणि माउंटची उंची मोजायची हे सोसायटीच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय, पंपाच्या दारावरही मोठ्या अक्षरात लिहिलंय: ठोकळ्याभोवती सिमेंट लावू नये, पाइप भिंतीला थेट आवळू नये. प्लंबर बदलत राहतात, दार तिथेच राहतं.

आमच्या मागच्या जांभ्याच्या कुंपणापलीकडे आता नवीन बिल्डिंग चढतेय, दुसरा स्लॅब पडलाय. मी आणि चेअरमन काका जाऊन साइटवरच्या इंजिनियरला भेटलो, नकाशा बघितला, त्यांचाही पाण्याच्या पाइपचा डक्ट मास्टर बेडरूमला लागून आहे. आम्ही आमचे जुने क्लॅम्प आणि बेल्टचे तुकडे पिशवीत घेऊन गेलो होतो, ते दाखवून सगळं सांगितलं. डक्ट जिन्याच्या बाजूला घेता येईल का हे तो आर्किटेक्टला विचारतोय, आणि तिसऱ्या स्लॅबला पाइपच्या जागी बाही आधीच सोडायचं मात्र त्याने आमच्यासमोरच सेंट्रिंगवाल्याला सांगितलं.